डोळा धरणारा कॅमेरा

तोक्योच्या पश्चिम अंगाला एक बाग आहे, बागेत तळं आहे आणि तळ्याकाठी रोज सकाळी अकरा म्हातारे ट्रायपॉड रोवून उभे असतात. खंड्यासाठी. खंड्या येतो, पाण्यात रोवलेल्या खुंटीवर बसतो, बुडी मारतो, मासा घेऊन निघून जातो. सगळं मिळून अर्धं मिनिट. उरलेले पाच तास हे अकरा जण कॅमेऱ्यांवर बोलतात. पेन्शन आणि रिकामा वेळ माणसाला एकदम देऊ नये, ते याचसाठी.

त्या वसंतात तर त्यांनी पक्ष्याकडे बघणंही सोडलं होतं, कारण त्यांच्या लाडक्या कंपनीचा नवा कॅमेरा येणार होता. साधासुधा नव्हे. सगळ्यांत वरचा, आरसा नसलेला, घराण्यातला थोरला. मागचा थोरला येऊन तीन वर्षं झाली होती आणि तो बिचारा आता यांना डबडं वाटत होता. त्सुकुदा नावाचा निवृत्त पोस्टमास्तर रोज फोन नाकाला लावून अफवा वाचून दाखवायचा.

"ऐका, ऐका. ऑटोफोकस सेकंदाला दोनशे वेळा बघतो म्हणे. मध्ये पान आलं, फांदी आली, पक्षी पाण्यात शिरला, तरी त्याचा डोळा सोडत नाही."

"म्हणतं कोण?"

"पोलंडातला एक जण. त्याच्या मेहुण्याची कारखान्यात ओळख आहे."

"मेहुण्याने पाहिलाय कॅमेरा?"

"पाहिला नाहीये. पण खात्री आहे त्याला."

एवढ्यावर दहा जण माना डोलवायचे. एकदा तर खंड्याच्या पिलाने आयुष्यातला पहिला मासा यांच्या डोळ्यांदेखत धरला, आणि तेव्हा सगळे त्सुकुदाच्या फोनवर वाकलेले होते. कोणाला वाईटही वाटलं नाही. 'तो' आल्यावर काढू की, म्हणाले, पिल्लं काय दरवर्षी होतात.

अकरावा हाचिया तात्सुओ. तो या लोकांवर थुंकत नसे, एवढंच. एक्केचाळीस वर्षं भिंगं घासण्याच्या कारखान्यात काढलेला हा माणूस. काचेवर बोट फिरवून खोट सांगायचा. त्याची जुनी लेन्स, तिची रिंग, ती फिरवणारा त्याचा हात, याखेरीज जगात फोकस म्हणून काही आहे हे त्याला मान्य नव्हतं.

"डोळा यंत्राने शोधायचा, तुम्ही नुसतं बोट दाबायचं," तो म्हणायचा. "मग घरीच बसा ना. बोट पाठवून द्या पार्सलने."

काठावरचे नियमही त्यानेच घालून दिले होते. कॅमेऱ्याचा पिप् पिप् आवाज बंद ठेवायचा, पक्षी बिचकतो. जूनच्या प्रदर्शनात फोटो लावायचा तो त्याच वसंतातला असला पाहिजे, गेल्या वर्षीचं शिळं चालणार नाही. आणि टोपीवर या अकरा जणांच्या मंडळाचा बिल्ला लावल्याशिवाय काठावर पाऊल टाकायचं नाही. बिल्ला त्याने स्वतः बनवून घेतला होता. चांगला पापडीएवढा, निळ्या-नारिंगी मीनाकामाचा खंड्या, आणि डोळ्याच्या जागी काळा काचमणी.

त्याला टोकणारा एकच, उशिजिमा. गाडी शिकवण्याच्या शाळेत चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढून हा निवृत्त झाला, पण सवय निवृत्त झाली नाही. वॉर्डाच्या सभागृहात भरणाऱ्या त्या प्रदर्शनात हाचियाचा फोटो सलग नऊ वर्षं दर्शनी भिंतीवर लागला, आणि नऊही वर्षं उशिजिमा त्याच्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी वाकडं आहे." दुसरं काही सापडलं नाही तर पाण्याची रेघ.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. जानेवारीपासून हाचियाच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग बसला होता. कडेकडेचं दिसायचं, ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. डॉक्टर डोळ्यात सुया टोचून डाग वाढू नये म्हणून खटपट करत होते, पण गेलेलं परत येणार नाही हेही त्यांनी सांगून टाकलं होतं. त्याने गाडी विकली आणि काठावर सांगितलं की चालणं तब्येतीला बरं. खंड्याची शीळ ऐकून तो अंदाजाने रिंग फिरवायचा. पाच महिन्यांत एकही फोटो धड आला नव्हता. जूनमध्ये दर्शनी भिंत रिकामी राहिली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, का? आणि 'मला दिसत नाही' हे शब्द उशिजिमासमोर उच्चारण्यापेक्षा हाचियाने तळ्यात उडी घेतली असती.

म्हणून काठावर त्या कॅमेऱ्याला सगळ्यांत जास्त शिव्या देणाऱ्या या माणसाने लांबच्या शिंजुकू भागातल्या दुकानात, जिथं ओळखीचं कोणी भेटणार नाही तिथं, सगळ्यांत आधी नाव नोंदवलं होतं. रोज सकाळी त्सुकुदाच्या फोनकडे पाठ करून तो उभा राहायचा आणि कान मात्र मागे लावून ठेवायचा. तारीख दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा म्हाताऱ्यांनी सुतक पाळलं, आणि हाचिया घरी जाऊन जेवला नाही.

मेच्या तिसऱ्या शुक्रवारी कॅमेरा हातात आला. माहितीपुस्तक उशीएवढं जाड. ते हाचियाला वाचता येईना, म्हणून त्याची बायको हिसाए चष्मा लावून बसली.

"अहो, पान चारशे बारा. 'काय शोधायचं ते निवडा. माणूस, प्राणी, पक्षी, विमान, आगगाडी.'"

"पक्षी."

"नवरा नाहीये यात. नाहीतर मी पण एक घेतला असता."

"पुढे वाच."

"'डोळा सापडल्यावर आवाज करावा का?'"

हाचियाने कॅमेरा डोळ्याला लावून पाहिला. व्ह्यूफाइंडरमधली हिरवी चौकट त्याला दिसणार नव्हती. कॅमेऱ्याने डोळा धरला हे कानानेच कळणार होतं.

"करावा," तो म्हणाला.

"तुमच्याच नियमात बसत नाही ते."

"करावा म्हटलं ना!"

नावावर त्याने काळी पट्टी चिकटवली, वर जुन्या कॅमेऱ्याची मळकी खोळ चढवली आणि शनिवारी भल्या सकाळी काठावर आपली जागा धरली. बाकीच्यांचे कॅमेरे अजून रांगेत अडकलेले होते. उशिजिमा नेहमीप्रमाणे तळ्याच्या वळणावर, खुंटीच्या बरोबर पलीकडे, मान वर करून उभा होता. हाचियाने खुंटीच्या अंदाजाने लेन्स वळवली आणि बटण अर्धं दाबलं.

पिप्.

एवढ्या लवकर? त्याने बोट दाबून धरलं. पुन्हा पिप्. पुन्हा.

"कोणाचं घड्याळ वाजतंय?" पलीकडून उशिजिमा ओरडला.

"माझं. औषधाचं."

"दर मिनिटाला औषध? मरायला टेकलास की काय?"

सगळे हसले. हाचियाला त्याचं काही वाटलं नाही. कान सांगत होते की पक्ष्याची शीळ अजून झालेली नाही. पण यंत्र म्हणत होतं, आहे, समोरच आहे, डोळा धरलाय. जन्मभर कानावर आणि बोटांवर विसंबलेला हा माणूस त्या दिवशी यंत्राचं ऐकत राहिला. अकराशे फोटो काढले. पाच महिन्यांनी पहिल्यांदा आपण पुन्हा कामाचे झालो असं त्याला वाटलं. डोळे भरून आले, तेही त्याने पुसले नाहीत, दिसायला तसाही काही फरक पडत नव्हता.

दुपारी भाताचे मुटके आणि डब्यातली कॉफी निघाली, आणि हाचियाला राहवेना. त्याने खोळ काढली, पट्टी फाडली.

"होय, तोच," तो म्हणाला. "तुम्ही बसा पोलंडच्या मेहुण्याची वाट बघत. यंत्राला अक्कल नसते हे मी आजही म्हणतो, पण ते अक्कलवाल्याच्या हातात पडलं की काय होतं ते बघा."

त्याने पडद्यावर फोटो आणला आणि कॅमेरा उशिजिमापुढे धरला. पाठीमागे नऊ डोकी गोळा झाली. कॉफीचा घोट गिळल्याचा आवाज ऐकू आला आणि मग तोही नाही.

उशिजिमाने एक फोटो पाहिला. दुसरा पाहिला. बरेच पाहिले. मग कॅमेरा दोन्ही हातांनी परत देत म्हणाला, "चांगला आलाय."

"काय?"

"फोटो. चांगला आलाय."

"पाणी?"

"पाणी छान आहे," उशिजिमा म्हणाला आणि घसा खाकरत आपल्या जागेकडे गेला.

नऊ वर्षं दर्शनी भिंतीवर लागलेल्या फोटोंना या माणसाने चांगलं म्हटलं नव्हतं. सोनं दाखवलं असतं तरी पिवळं फार आहे म्हणाला असता. तो चांगलं म्हणतोय म्हणजे फोटोत काहीतरी भयंकर आहे. हाचियाने सामान आवरलं, आणि नेहमी कुत्सितपणे बोलणाऱ्या त्या टोळक्यातल्या एकाने त्याच्यासाठी चक्क पिशवी उचलून धरली.

घरी त्याने कॅमेरा हिसाएच्या हातात दिला.

"काय दिसतंय?"

"उशिजिमासान."

"आणि?"

हिसाएने पुढचे फोटो पाहिले. "उशिजिमासान कान खाजवताहेत. यात चहा ओतताहेत. यात जांभई."

"पक्षी कुठाय?"

"टोपीवर," ती म्हणाली. "बिल्ला आहे ना तो. डोळा अगदी सुईच्या टोकासारखा स्पष्ट आलाय हो."

हाचियाने कॅमेरा तिच्या हातातून काढून घेतला. अकराशे फोटो. त्याच्याच नियमाने त्या टोपीवर बसलेल्या त्याच्याच बिल्ल्याचे. आणि सगळ्यांना कळलं होतं. हसले असते तरी चाललं असतं. पण हसले नाहीत, हेच त्याला सहन होईना.

"उद्या जाऊ नका मग," हिसाए म्हणाली. "सर्दी झालीय म्हणून कळवते."

"आणि परवा? परवा पण सर्दी?"

रविवारी तो गेला. सगळे आधीच आलेले होते. कोणी फोनवर वाचत नव्हतं, कोणी भांडत नव्हतं, सगळे अंत्यविधीला आल्यासारखे सभ्य. त्सुकुदाने तर कमरेत वाकून नमस्कार केला. हाचियाने तोंड तळ्याकडे केलं, म्हणजे माणसं डोळ्याच्या कडेला आली आणि त्याला दिसली. दहा टोप्या. दहाही कोऱ्या.

"बिल्ले कुठं गेले तुमचे?"

शेवटी त्सुकुदा पुटपुटला, "गंजले."

"दहाच्या दहा? एका रात्रीत? मीनाकाम गंजतं होय रे, गाढवांनो? घाला परत."

कोणी हललं नाही. हाचियाने ट्रायपॉड घट्ट धरला. आणि जे बोलण्यापेक्षा तळं बरं वाटत होतं ते तो बोलला.

"मला दिसत नाही. मधलं सगळं गेलंय, जानेवारीपासून. रिंग-बिंग सगळं नाटक होतं. आता झालं समाधान? घाला बिल्ले."

आता कोणीतरी 'अरेरे' म्हणणार, या धास्तीने हाचियाने मान खाली घातली.

पलीकडे ट्रायपॉड उपटल्याचा आवाज आला. उशिजिमा धापा टाकत, बडबडत वळसा घालून आला, हाचियाच्या शेजारी त्याने आपला ट्रायपॉड रोवला, खिशातून बिल्ला काढला आणि टोपीच्या मागच्या बाजूला टोचला.

"चाळीस वर्षं डोळे असलेल्या आंधळ्यांना गाडी शिकवली," तो म्हणाला. "तू काही नवीन नाहीस. सरक थोडा."

तेवढ्यात शीळ आली. बारीक, लांब, खरी.

"बसला खुंटीवर," उशिजिमा कुजबुजला. "डावीकडे घे. डावीकडे म्हटलं! तुझं डावं कुठं असतं, शिंजुकूला? हां. आता किंचित खाली. तुझ्या त्या महाराजांना एवढंही कळत नाही का स्वतःहून? थांब. थांब."

पिप्.

"दाब!"

हाचियाने दाबून धरलं. पाण्यात टपकन आवाज झाला, पंखांची फडफड झाली, आणि शीळ लांब जात विरून गेली. उशिजिमाने कॅमेरा आपल्याकडे वळवला आणि पडद्यावर वाकला. बाकीचेही येऊन वाकले. हाचिया उभा राहिला, प्रदर्शनात नवव्या वर्षी नाही, पहिल्या वर्षी राहिला होता तसा.

"कसाय?"

उशिजिमाने वेळ घेतला. डोळा स्पष्ट आला होता, चोचीतला मासा स्पष्ट आला होता, माशाचासुद्धा डोळा स्पष्ट आला होता.

"पाणी वाकडं आहे," तो म्हणाला.

"तुझं तोंड वाकडं," हाचिया म्हणाला, आणि मान वळवून त्याने गुपचूप डोळे पुसले.