भित्रे हेल्मेट आणि बेडूक

मित्रांनो, मी एक जुने आणि भित्रे हेल्मेट आहे. डोके वाचवणाऱ्याने भित्रे असू नये हे मला कळते, पण माझ्या जन्माची सुरुवातच तशी झाली. कारखान्यात आमच्या खेपेतले एक हेल्मेट उंचावरून लोखंडावर आपटून पाहिले होते. ते टिकले म्हणून आम्ही सगळी पास झालो. ते माझ्या शेजारचेच होते. तो आवाज ऐकल्यापासून मला जी धडकी भरली, ती गेलीच नाही.

माझा मालक औषधांच्या कारखान्यांतले नाजूक वजनकाटे दुरुस्त करतो. त्याला सगळे काटेवाले म्हणतात. काटा तपासायची वजने तो चिमट्यानेच उचलतो, कारण बोटाच्या घामानेही त्यांत फरक पडतो. सुरुवातीला तो मला मऊ फडक्याने पुसायचा. पुढे माझे कौतुक संपले आणि त्याची छोटी पुतणी माझ्यात खेळणी भरू लागली. तेही मला आवडायचे.

एके दिवशी आम्ही घाट चढून एका कारखान्यात गेलो. घाईघाईत मालकाने एक वजन चक्क बोटांनी उचलले. तिथल्या साहेबांनी ते पाहिले.

"अहो, तुम्हालाच वजन धरता येत नाही, तर आमचा काटा काय नीट करणार?" ते म्हणाले आणि त्यांनी काम थांबवले.

मालकाचा चेहरा पडला. त्यात परतीच्या वाटेवर चाक पंक्चर झाले. गाडी ढकलत तो पंक्चरच्या दुकानापाशी आला आणि मला पाण्याच्या टबाशेजारी भिरकावले.

"मावशी, आटपा लवकर. पुन्हा या रस्त्याचं तोंड बघायचं नाही मला."

"होतंय रे. चिकटवलेलं वाळायला नको का?" दुकानवाली मावशी म्हणाली.

तेवढ्यात काहीतरी गार, ओले माझ्यात शिरले. माझी पाचावर धारण बसली. साप असेल का? ते अस्तराला चिकटून बसले आणि धापा टाकू लागले. मला ओरडता येत नाही हे किती वाईट असते, ते मला तेव्हा समजले.

चाक बसवून झाले. मावशी म्हणाली, "हेल्मेट घाल रे."

"नको. डोकं तापलंय, जरा वारा लागू दे. हँडलला अडकवतो."

आता मात्र मी सापाला विसरले. पुढे उतार, वळणे आणि हा असा रागाने पेटलेला! उघड्या डोक्याने गेला तर घरी पोचेल का, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

त्याने मला उचलायला आत बोटे घातली आणि "आई गं!" म्हणत तो मागच्या मागे बसला. मी गडगडत गेले. माझ्यातून अंगठ्याएवढा एक हिरवा बेडूक बाहेर आला आणि डोळे मिचकावत त्याच्याकडे बघत राहिला.

मावशी पोट धरून हसली. "केवढा घाबरलास! वजन तरी किती असेल त्याचं?"

वजन किती, असे कोणी विचारले की काटेवाल्याला राहवत नाही. त्याने पिशवीतला छोटा काटा काढून स्टुलावर मांडला. बेडकाला डबीच्या झाकणात घेऊन वर ठेवले. बेडकाने टुणकन उडी मारली. पुन्हा ठेवले, पुन्हा उडी. मालक चिडला नाही. वाट बघत राहिला. शेवटी बेडूक क्षणभर स्वस्थ बसला.

"चार ग्रॅम," मालक हळूच म्हणाला.

"आणि त्याने तुला लोळवलं?"

मग मालकही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बेडकाला टबामागच्या गवतात सोडून तो म्हणाला, "मावशी, चूक माझीच होती. उद्या जाऊन नीट करून येतो काम." त्याने मला रुमालाने पुसले, डोक्यावर चढवले आणि पट्टा नीट लावला.

तो सावकाश चालला होता. तरीही एका वळणावर खडीवरून चाक घसरले आणि आम्ही दगडावर आपटलो. कारखान्यात ऐकलेला तो आवाज या वेळी माझ्याच अंगातून आला. मालक कोपर चोळत उभा राहिला. त्याच्या डोक्याला काही झाले नव्हते. माझ्या अस्तराखाली मात्र एक तडा गेला. बाहेरून तो दिसत नाही.

आता मी कपाटावर असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मालक माझी गोष्ट सांगतो. मला आनंद व्हायला हवा, पण मी पूर्वीपेक्षा जास्त घाबरलेले आहे. पुतणी मोठी झाली आहे, तिने स्कूटर घेतली आहे. आज ती म्हणाली, "काका, नवीन कशाला? हेच नेते उद्या."

"ने की. मला वाचवलं, तुलाही वाचवेल."

मित्रांनो, हातातून पडलेले वजन हा माणूस पुन्हा तपासल्याशिवाय वापरत नाही. माझ्यावर मात्र त्याची माया आहे, म्हणून तो तपासत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा कुणाच्या डोक्यावर ठेवू नका. मला पुसू नका, जपू नका, मोडून टाका. माझ्यात आता एक फटकाही झेलायची ताकद नाही आणि हे तिला सांगायला मला तोंड नाही. उद्या ती निघायच्या आधी कुणीतरी माझे अस्तर उचलून बघा.