तेलाच्या शिशीतला पारा

“एवढीशी नळी, अन् हिच्यावर शंभर जीव.” सत्यशीलाबाईचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी एक जुना तापमापक आहे, मित्रांनो. लाकडाच्या भुशात गुंडाळून मी १९६१ साली दिग्रसच्या कोंबडीपालन केंद्रात आलो. तिथं अंडी उबवायचं यंत्र होतं, ते सत्यशीलाबाई सांभाळायची. खाली रॉकेलचा दिवा, वर लाकडी पेटी, पेटीत शंभर अंडी आणि अंड्यांच्या मधोमध मी. पारा फॅरनहाइटच्या एकशेदोन अंशांवर हवा. दिव्याची ऊब कमीजास्त करायला बाजूला एक पेच होता. जो येई तो माझी चकाकी वाखाणी, आणि मी फुगून जाई.

पण मी उतावळा होतो. पेटीचं दार उघडलं की झुळूक लागे, पारा झरझर उतरे. दार लागलं की पुन्हा चढे. अंडी मात्र तशीच ऊबदार असत. मी बोलायचो झुळकेचं, ऐकणाऱ्याला वाटायचं अंड्यांचं.

केंद्राचे प्रमुख अमरसिंग दुपारी सत्यशीलाबाई जेवायला गेली की यायचे, दार उघडून मला बघायचे आणि घाबरून पेच फिरवायचे. मग पेटी भट्टीसारखी तापायची. पहिली खेप मेली. दुसरीही मेली. पिसं फुटलेली पिलं कवचातच चोच मिटून पडली होती. मी ओरडू शकत नव्हतो.

ठपका आला सत्यशीलाबाईवर. नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातली ती बाई. तिचा हात लागतो म्हणूनच हे होतं, असं लोक उघड बोलू लागले. पेचाला आपण हातच लावत नाही, असं अमरसिंग सांगत. तिसरी खेप गेली तर तिनं कामावर यायचं नाही, असं ठरलं.

ती पेटीपाशी बसून राही. तिला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. एक दिवस ती अमरसिंगांना म्हणाली, “कोंबडी दाणे टिपाले उठते, तवा अंडं लगेच गार पडते का? मंग हा पारा काहून एवढा धावते?”

तिसरी खेप ठेवताना तिनं औषधाची रिकामी शिशी घेतली, तीत जवसाचं तेल ओतलं, मला बुडवलं आणि तोंडाशी कापूस दाबला.

“आता नळीले आंघोळ बी घालता का, बाई?” अमरसिंग हसले.

तेलात माझी धडधड थांबली. अठराव्या दिवशी दुपारी ती जेवायला उठली, तेव्हा अमरसिंगांनी दार उघडलं. झुळूक आली, पण मी हललो नाही. त्यांचा पेचाकडे गेलेला हात थांबला. त्यांनी दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग ते कपाळ धरून खाली बसले. तरी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

एकविसाव्या दिवशी त्र्याहत्तर पिलांनी कवच फोडलं. आमच्यासारख्यांना जपा, मित्रांनो. पण आमच्या प्रत्येक थरथरीला सत्य मानून धावू नका. थोडं थांबा.

यवतमाळहून आलेल्या साहेबांनी विचारलं, मागच्या दोन खेपांत या बाईनं हयगय केली ना? सत्यशीलाबाईनं मान खाली घातली.

अमरसिंगांनी टोपी काढली.

“तिनं नाही, साहेब. पेच मी फिरवत होतो. ते पिलं मी मारले.”