जेवता कोणासोबत?

"आजी, जेवता कोणासोबत?" रुचीने विचारलं, आणि डॉ. तिलक कटरे अंगणवाडीच्या खिडकीतून बाहेर बघू लागले.

प्रश्न त्यांनीच शिकवला होता. गोळी वाढवण्याआधी माणूस काय खातो, किती चालतो, कोणासोबत जेवतो हे विचारा, असं गोंदियाच्या नव्या मेडिकल कॉलेजात ते घसा कोरडा होईस्तोवर सांगत. आज विद्यार्थ्यांना घेऊन ते चोरखमाऱ्याजवळच्या आपल्याच गावी आले होते, आणि मधुमेहाची पहिली पेशंट म्हणून मोठ्या हौशीने स्वतःच्या आईलाच पुढे बसवलं होतं.

"पोरगा हाये ना," फुलवंताबाई ठसक्यात म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गोंदियावरून येते. दोघं संगंच जेवतो. भाजी, वरन, दोन पोळ्या. भात एकच मूठ."

सगळं पाठ होतं. मुलगा फोनवर जे जे बजावत आला, ते म्हातारी घडाघडा म्हणून दाखवत होती. मुलगा राहायचा गोंदियाच्या फ्लॅटमध्ये. घरी शेवटचा आला होता पोळ्याच्या सणाला, त्यालाही महिने उलटले होते. पोरं सरांकडे कौतुकाने बघू लागली. सरांना ते कौतुक आवडलं, आणि आवडलं याचीच फार लाज वाटली.

"सर, आहार तर अगदी आदर्श आहे," पुण्याकडची रुची म्हणाली. "तरी शुगर तीनशेच्या घरात. म्हणजे गोळी वाढवायला हवी ना?"

आता गप्प बसणं म्हणजे आईच्या जिवाशी खेळ होता.

"नको. ती एकटी राहते. मी येत नाही," कटरे म्हणाले. "माय, खरं सांग. काय खातेस?"

फुलवंताबाईंचा चेहरा उतरला.

"सकाळी एकदा भात रांधतो. तोच रातवरी. मन नाही झालं तं नुसती गोळी घेतो न झोपतो. एकट्या जीवासाठी दोनदा चूल कायले पेटवाची?" मग आवाज खाली आला. "पोरायपुढं काऊन बोललास रे? मी तं तुही इज्जत राखून राहिलो होतो."

उपाशीपोटी गोळी घेतली तर साखर एकदम जीवघेणी खाली जाते, हे आता शिकवायचं होतं. कटरे मागे सरकून विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहिले. रुचीनेच आजीजवळ बसून सगळं समजावलं.

"आजी, आज काय खाल्लं?"

"अजून नाही," म्हातारीने मागे न बघता सांगितलं. "आज पोरगा येनार होता ना. थांबलो मी."