बेवारशांचा पेला

झेंडू फुलायला लागला की एर्मिलामावशींचा फोन येणार, हे नोएमी सारातेला आता पाठ झालं होतं. अमेरिकेच्या हद्दीतल्या, सीमेजवळच्या एका शहरात, मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमध्ये नोकरीला येऊन तिला चार वर्षं झाली होती. दर वर्षी ऑक्टोबर सरता सरता मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरातून तोच एक प्रश्न यायचा.

"पोरी, मांडू का गं त्याचा फोटो?"

फोटो फिदेन्सियोचा, मावशींच्या धाकट्या मुलाचा. ज्या वर्षी नोएमी इथे आली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो वाळवंटातून अमेरिकेत यायला निघाला, आणि मग त्याचा ना फोन, ना निरोप. त्याची फाइल नोएमीकडे होती. मृतांच्या सणाला, गेलेली माणसं घरी जेवायला येतात तेव्हा, घरातल्या वेदीवर नवऱ्याचा फोटो मांडून झाला, सासूचा मांडून झाला, की मावशींचा हात याच्या फोटोपाशी अडायचा. जित्या माणसाला मेलेल्यांत बसवलं तर आईनंच मरणाला आवतण दिल्यासारखं. आणि मेलेल्याला नाही बसवलं तर? तो बिचारा एवढी वाट तुडवून दारात येणार, सगळ्यांची पानं वाढलेली बघणार, आणि आपलं पान नाही म्हणून उपाशी परत जाणार.

"नको मावशी, इतक्यात नको," नोएमी दर वर्षी सांगायची. "आमच्याकडे पक्कं काही आलेलं नाही. आपण आशा सोडायची नाही."

हे बोलणं तिचं स्वतःचं नव्हतंच. परराष्ट्र खात्यात आल्या आल्या शिकवतात ते. पक्कं कळेपर्यंत गेला म्हणायचं नाही, आहे म्हणायचं नाही, मधल्यामध्ये बोलायचं. लोकांना वाटतं, परदेशातल्या वकिलातीत माणसं कडक इस्त्रीचे कपडे घालून मद्याचे पेले किणकिणवत उभी असतात. डोंबल! नोएमीचा आठवडा तुरुंगात, इस्पितळात आणि शवागारात जायचा. उरलेला वेळ फोनवर. शेजारच्या टेबलावरची चेलो म्हणायची, "आपण कसल्या गं मुत्सद्दी? आपण हरवलेली माणसं हुडकणाऱ्या बायका. तेवढा मागे झेंडा लावलाय म्हणून बरं दिसतं."

त्या दिवशी सकाळी नोएमीनं पर्स खाली ठेवली नव्हती, तोच प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांचा फोन आला. मावशींच्या थुंकीचा नमुना तिनंच डीएनए तपासणीसाठी कधीचा पाठवला होता. तो जुळला होता. फिदेन्सियोची हाडं तो निघाला त्याच उन्हाळ्यात सापडली होती, आणि तेव्हापासून इथल्याच शवागारात, बेनाव म्हणून पडून होती. नोएमी दुपारचा पाव आणायला ज्या बेकरीत जायची, तिच्या वाटेवरच ते शवागार. चार वर्षं ती त्या भिंतीला लागून गेली होती, कधी कधी गुणगुणतसुद्धा.

 ती उठली, पॅन्ट्रीतला एक साधा पेला पाण्यानं भरला आणि खालच्या दालनात जाऊन वेदीच्या कोपऱ्यात ठेवला.

कॉन्सुलेटची वेदी दर वर्षी नोएमीच सजवायची. झेंडूच्या कमानी, सणाचा गोड पाव, साखरेच्या कवट्या, आणि फोटो नामवंतांचे: गायक, चित्रकार, एक कुस्तीगीर. शाळेची मुलं बघायला यायची, शहराचे महापौर यायचे. पहिल्या वर्षी तिनं माहेरच्या रीतीप्रमाणे कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवला होता, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी. कॉन्सुल उर्किदी साहेबांनी तो बघितला आणि म्हणाले, "सारातेबाई, हा स्वयंपाकघरातला पेला कशाला? महापौरांच्या फोटोत येईल. काढा बघू." नवी नोकरी, नवे साहेब. तिनं काढला. त्यानंतर कधी ठेवला नाही.

आज साहेब जिन्यातच भेटले. "तो पेला..." त्यांनी सुरुवात केली.

"राहू द्या, साहेब." तिचा चेहरा बघून ते बाजूला सरकले.

वर येऊन तिनं फोन लावला. खात्यानं शिकवलेली सगळी वाक्यं जिभेवर होती: अत्यंत खेदानं कळवावं लागतं, वगैरे वगैरे.

"अगं बाई, आज तूच केलास?" पलीकडून मावशींचा खणखणीत आवाज आला. मागे कोंबडा आरवत होता. "मी करणारच होते. झेंडू तोडायला आलाय. मग काय, मांडू का यंदा?"

नोएमीच्या तोंडून एकच शब्द निघाला. "मांडा."

 पलीकडे तो मेला कोंबडा आरवतच राहिला.

"कधी?" मावशींनी विचारलं.

"निघाला त्याच उन्हाळ्यात, मावशी."

"म्हणजे पहिल्यांदा मी विचारलं, तू नको म्हणालीस, तेव्हा..."

"हो. तेव्हा तो गेलेलाच होता."

आता शिव्या घालतील, घालू देत, निदान सुटेन तरी, असं नोएमीला वाटलं. पण मावशी स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. "सासूला वाढलं मी. जन्मभर छळलं त्या बाईनं मला, तिला दर वर्षी मोलेचं कालवण वाढलं, वर मेस्कालची दारूसुद्धा. आणि माझं लेकरू दारात येऊन उपाशी गेलं. चारदा आलं गं! हाक मारली असेल त्यानं. मी आपली भांडी घासत बसले."

"मावशी, चूक माझी. मी तुम्हाला..."

"पोरी, तुमच्या हापिसात वेदी मांडता का गं?"

"मांडतो."

"आणि बेवारशांचा पेला ठेवता?"

धड हो नाही, धड नाहीही नाही, असं मधलं काहीतरी बोलायची नोएमीला केवढी सवय! जन्म त्यातच चालला होता. पण आता ते मधलं वाक्य काही केल्या सापडेना.

"ठेवते, मावशी," ती म्हणाली. "दर वर्षी. माझ्या हातानं ठेवते."

तेव्हा कुठे मावशींचा बांध फुटला. त्या हमसून हमसून रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "मग प्यायला असेल तिथे. निदान पाणी तरी प्यायला असेल माझा बाळ. देव तुझं कल्याण करो गं. मी नव्हते, तर तू त्याची आई झालीस."

नोएमीनं डोळे मिटून घेतले. लाजेनं कानशिलं तापली होती तिची.

"मावशी, अस्थींची पेटी पाठवायला थोडे आठवडे लागतील. मी स्वतः बघते."

"पेटी येईल तेव्हा येऊ दे. तो आधी येईल. पण ऐक, यंदा तो पेला ठेवू नकोस. वाळवंटातून चालून दमलाय गं, तिथेच पाणी मिळालं तर तिथेच टेकेल. तहानलेला राहू दे त्याला. घराची ओढ लागू दे. बाकीची बेवारशी लेकरं मला माफ करतील, एका वर्षापुरतं. ठेवणार नाहीस ना?"

"नाही, मावशी."

"शप्पथ?"

"शप्पथ."

फोन ठेवून ती खाली गेली. शाळेची मुलं आली होती, फोटोवाला कॅमेरा लावत होता. तिनं कोपऱ्यातला पेला उचलला.

"बरं झालं काढलात," उर्किदी साहेब हळूच म्हणाले. "फोटोत बरा नसता दिसला."

 पेला दोन्ही हातांत धरून ती पॅन्ट्रीत गेली. मोरीत ओतायला हात धजेना, प्यायला तर त्याहून नाही. चेलो तिला शोधत आली, तेव्हा ती तशीच उभी होती.

"काय गं, काय झालं?" चेलोनं विचारलं.

"त्यांनी मला आशीर्वाद दिला," नोएमी म्हणाली. "दर वर्षी पेला ठेवते म्हणून."