झाकण

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बाबा एकदाच खाली स्टुडिओत आले, तेही गिऱ्हाइकांच्या आरशावर टॉवेल टाकायला. हातपाय सावरले होते, पण तोंड डावीकडे वाकडं राहिलं होतं. लोकांना "हनुवटी जरा वर" म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस आरशाला घाबरू लागला.

मुलीने तीन महिने दुकान एकटीने रेटलं. मग एक दिवस बाबा म्हणाले, "हे थोबाड घेऊन मी लोकांपुढे उभा राहणार नाही. कुलूप लावून टाकू."

"आधी तुमचा फोटो काढू द्या. नाही आवडला तर मीच लावते कुलूप."

"एकच. बटण एकदाच दाबायचं."

ती बोलून बसली खरी, पण फोटो काढायचा कसा? तीन म्हटलं की लोक चेहरा ताठ करतात, म्हणून दोनवरच दाबायचं, ही युक्ती मुळात बाबांचीच. त्यांना ती कशी फसवणार? तिने त्यांचाच जुना रोलचा कॅमेरा घेतला. बाबा वाकडी बाजू अंधारात ठेवून, भिंतीकडे बघत स्टुलावर बसले.

"एक... दोन..." खट्.

बाबांनी मान वळवली. "आणि झाकण कोण काढणार?"

भिंगावरचं झाकण जसंच्या तसं! त्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी वेगळी, त्यामुळे आतून काही कळत नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रडू नकोस गं. माझ्या पहिल्या लग्नात अख्खा रोल असाच गेला होता."

"पहिल्या लग्नात? आईला माहितीये?"

"अगं, पहिलं लग्न म्हणजे मी फोटो काढायला गेलो ते!" आणि बाबा हसायला लागले. गदगदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एक, दोन काही न म्हणता तिने झाकण काढलं आणि बटण दाबलं.

संध्याकाळी त्यांनी तो फोटो दिव्याखाली कितीतरी वेळ पाहिला. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"तोंड वाकडंच आहे," ते म्हणाले.

"आहे."

"पण माणूस बरा वाटतोय." मग म्हणाले, "कान कापलास मात्र."

सकाळी ती जिना उतरत होती. टॉवेल आरशावर नव्हता, बाबांच्या खांद्यावर होता. समोर एक आजोबा, आणि बाबांच्या हातात तोच जुना कॅमेरा.

"हनुवटी जरा वर. एक..."

"बाबा, झाकण!" ती जिन्यातूनच ओरडली.

"कालच काढलंय गं," बाबा वळून न बघता म्हणाले. "दोन."