एस्तुबिएरा

भिलाईजवळच्या रसमडा गावातल्या कारखान्यात वेल्डिंग करणारा सुमेध भिलाईतल्याच एका एजंटाच्या नादी लागला आणि स्पेनला गेला, बंदरावर जहाजं जोडायला. आधी रोज व्हिडिओ कॉल. मग गेल्या हिवाळ्यापासून एकदम चिडीचूप. एजंटाने फोन बंद केला, साहेबलोकांनी हात वर केले. शेवटी बहीणच पदर खोचून उठली. नेहरू नगरातल्या कोचिंग क्लासात इंग्रजी शिकवणारी प्रेरणा मोबाइलवर स्पॅनिश शिकायला बसली. भावाला शोधायचं तर तिथल्या पोलिसांशी त्यांच्याच भाषेत बोलायला हवं ना!

पण मेलं ते व्याकरण इतक्यात शिकायला नको होतं. ऑनलाइनच्या बाईंनी 'असणे' या साध्या क्रियापदाचं एक रूप घोकून घेतलं. एस्तुबिएरा, म्हणजे 'असता'. जे नाहीच असं बोलणारा धरून चालतो, त्याच्यासाठी हे रूप. प्रेरणाचा उच्चार पहिल्या फटक्यात बरोबर आला, शाबासकीही मिळाली.

त्याच आठवड्यात दुपारी, तिच्या तक्रारीवरून, स्पेनमधल्या पोलीस ठाण्यातून फोन आला. आई, रत्नमाला, शेजारीच बसलेली, म्हणून प्रेरणाने स्पीकर लावला. माणूस भला होता. हिला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत दोनदा म्हणाला, "सी एस्तुबिएरा बीबो..." जिवंत असता तर एव्हाना त्याने फोन केला असता. प्रेरणाला त्यातलं 'असता' नेमकं कळलं. हाच फोन आठवडाभर आधी आला असता तर तिला काही कळलं नसतं.

"काय म्हने वं तो?"

"म्हने, जित्ता असला तं फोन येईनच."

'ता'च्या जागी 'ला'. आईच्या तोंडाकडे बघून तिची जीभ दुसरीकडे वळलीच नाही.

"अन् ते दोन-दोनदा काय म्हनून राहिला होता? एस्तु..."

"एस्तुबिएरा. म्हंजे... असला तं."

झालं! रत्नमालाबाईंनी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला. विहारात वंदना आटोपली की बायांना सांगायच्या, "तिकडच्या साहेबानं सांगलं, एस्तुबिएरा." भाजीवालीला तेच. सुमेधचं ब्लँकेट उन्हात टाकताना तेच. बाया मान डोलवायच्या, आणि प्रेरणाला वाटायचं, धरणीने पोटात घ्यावं. आई जेव्हा जेव्हा तो शब्द उच्चारायची तेव्हा तेव्हा सुमेध नव्याने मरत होता, आणि हे घरात प्रेरणाला एकटीलाच ठाऊक होतं. खरं सांगायला तिने कितीदा तोंड उघडलं, पण आई हल्ली दोन घास जेवू लागली होती.

एका संध्याकाळी आईने बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले, पुटपुटली, अडखळली.

"बाई, माह्या तोंडात नीट बसत नाही. तुह्यं बरोबर येते. तू म्हन ना वं."

प्रेरणाने हात जोडले.

"एस्तुबिएरा," ती म्हणाली.

उच्चार अगदी बरोबर आला.