शेपटाच्या टोकावरचा डाग

जावयानं ठकीचा उजवा हात धरला होता, लेकीनं डावा. दोघंही ओढत होते, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत.

"पोरगी माझी आहे!" जावई ओरडला.

"तुझी? कधी शाळेत तरी सोडलंस तिला?"

तेवढ्यात तिच्या कोपरात कट्‌कन आवाज झाला. सात वर्षांची माझी नात, किंचाळलीसुद्धा नाही. पांढरीफटक पडून मटकन खाली बसली. जावयानं तेलाची बरणी भिंतीवर फोडली, लेकीनं त्याच्या तोंडावर पातेलं हाणलं. त्याचं नाक फुटलं. मग शिव्या घालत दोघं दोन दिशांना निघून गेले. पोरीचा हात बघायला कुणी थांबलं नाही. मेल्यांनो!

दवाखान्यात सांधा बसवून आणला. दुसऱ्या दिवशी तिला घरी एकटीला कशी ठेवणार? नेली कामावर, हात झोळीत बांधलेला.

मी वेधशाळेत डाग काढते. दुर्बिणीतून आलेल्या फोटोंवर धूळ, ओरखडे, नको ते ठिपके असतात; संगणकावर ते एकेक करून पुसायचे. सव्वीस वर्षं हेच केलं. घरीही तेच. लेकीच्या संसारात काही फुटलं की काचा मी गोळा करायच्या आणि वर म्हणायचं, "चालायचंच गं, भांड्याला भांडं लागतंच."

त्या दिवशी साहेब तणतणत आले. "बाई, इथला डाग कुणी पुसला?"

"मी. अकरा फोटोंत पुसलाय," मी ताठ मानेनं सांगितलं.

"अहो, ती दीर्घिका आहे, कोट्यवधी ताऱ्यांची!"

साहेबांनी मूळ फोटो उघडला. दोन थोरल्या दीर्घिका एकमेकींवर धडकलेल्या. त्या ओढाताणीत वायू आणि तारे उपसले जाऊन बाहेर फेकले गेले होते, त्यांचं लांबच लांब शेपूट. त्याच्या टोकाला माझा डाग. फेकला गेलेला वायू तिथे आपल्याच ओढीनं गोळा झाला, आवळत गेला, त्यात नवे तारे पेटले आणि एक छोटी दीर्घिका तयार झाली, असं साहेब सांगत होते.

"मग मोठ्या तिला परत ओढत नाहीत?" ठकीनं विचारलं.

"ओढतात ना. पुष्कळशा परत त्यांच्यात पडतात, फाटून जातात."

"सगळ्या?"

"नाही गं. लांब गेलेल्या आणि स्वतःला धरून राहिलेल्या काही टिकतात."

मी अकराही फोटोंत तो डाग परत आणला.

संध्याकाळी दोघं दारात हजर. समेट झाला होता. जावयाच्या नाकाला पट्टी, लेकीच्या हातात नवा फ्रॉक.

"आई, झालं ते झालं. ठकीला पाठव."

"नाही पाठवणार," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

मी दार लोटलं, तशी जावयानं लाथ घातली. फळी कपाळावर आदळली, जखमेतलं रक्त डोळ्यात ओघळलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"आई, माझं लेकरू आहे गं ते!" लेक बाहेरून ओरडत होती. तीही माझंच लेकरू. काळीज तुटत होतं, पण मी हलले नाही. समोर स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेलाचा डाग तसाच होता. तो मी पुसला नव्हता.

ठकीनं एका हातानं स्टूल ओढत आणलं, त्यावर चढली आणि माझ्या डोक्यावरून हात नेऊन दाराची वरची कडी लावली.